२००४ ची जिप्सी, १ लाख ८७ हजार किलोमीटर: कोकणातला एक पावसाळा काढल्यावर

मारुतीची जुनी जिप्सी घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती चाललीय?" माझी गाडी आली तेव्हा मीटरवर १ लाख ८७ हजार होते. भाव पाडायला हा आकडा मला चांगला उपयोगी पडला. गाडी पारखायला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. वीस वर्षं शेतात आणि बांधावर फिरलेल्या गाडीची मीटरची केबल किती वर्षं तुटलेली होती, हे कोण सांगणार? आणि इंजिन थकलेलं असलं तर ते उतरवून करता येतं. जिप्सी मरते ती गंजानं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली की मग कितीही कमी चाललेली असो, तिच्यात राम नाही.

म्हणूनच राहायला देवरुखला असूनही मी गाडी घाटावर शोधली. रत्नागिरी, मालवण आणि गोव्याकडच्या काही बघून झाल्या होत्या. वरून रंग असा की तोंड बघून घ्यावं, आणि पायाखालचं रबरी मॅट उचललं की खालची जमीन दिसते. खारी हवा आणि वर्षातले चार महिने ओल, त्यात तो बिचारा पत्रा तरी काय करणार? शेवटी सांगोल्याला, डाळिंबाच्या बागेवर वापरलेली एक मिळाली. एकाच मालकाची, हूडची म्हणजे कापडी छपराची गाडी, पांढरा रंग उन्हानं विटलेला. विटलेला रंग मला आवडतो. ज्याच्या अंगावर नवा रंग नाही त्याच्या अंगाखाली पुट्टीही नसते.

ज्यांना मॉडेल नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिप्सी १९८५ च्या शेवटी आली, तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीची 'किंग' आली आणि २००० च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल देणारं) इंजिन मिळालं, ८० बीएचपीचं. माझी या शेवटच्या प्रकारातली. कार्ब्युरेटरवाली स्वस्त मिळते, पण घ्यायची असेल तर एमपीएफआयच घ्या. त्याच घराण्यातलं इंजिन एस्टीममध्ये आणि पहिल्या स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे इंजिनचं सामान अजून तालुक्याच्या गावातही मिळतं. खासगी गिऱ्हाइकासाठी ही गाडी २०१९ च्या सुमारास बंद झाली, तरी सामानाची ओरड मला अजून जाणवलेली नाही. हूडचे हुक, दाराच्या पट्ट्या असल्या फुटकळ गोष्टींसाठी मात्र पायपीट होते.

पारखायला आमच्या इथले फिटर सोबत नेले होते. ते गेले तेच थेट गाडीखाली, हातात जाड स्क्रूड्रायव्हर. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल चासीला जिथे बसतात तिथे, बॉडीच्या प्रत्येक माउंटजवळ, टाकीच्या वरच्या बाजूला, जिथे चिखल साठून राहतो तिथे टोचून बघत होते. खणखणीत आवाज आला की पुढे सरकायचे. मालक वैतागले. "अवो, इंजिन बघा की, खाली काय हुडकताय?" फिटर खालूनच म्हणाले, "इंजिन मी करीन हो काका. चासी कुठून आणू?" एका जागी, डाव्या मागच्या चाकाच्या कमानीत, स्क्रूड्रायव्हर आत गेला. तेवढं सोडलं तर खालून गाडी ठणठणीत होती.

मग पुढचं चाक जॅकवर उचललं. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर टकटक वाजत होतं. इथे एक युक्ती सांगतो, जिप्सीच नव्हे तर पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल असलेली कुठलीही जुनी जीप घेताना कामाला येईल. कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग गेलेलं आहे, काम लहान. तरीही हलत असेल तर किंग पिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचे, बेअरिंग गेलेत. माझ्या गाडीत हलत राहिलं. या बेअरिंगमध्ये ढिलेपणा आला की साठच्या वेगात एखादा खड्डा बसताच स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी थांबवल्याशिवाय सुटका नाही. काही विकणारे त्यावर नवा स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा दांडा, बसवून देतात. थरथर काही दिवस दबते, दुखणं तसंच राहतं. जुन्या गाडीत तेवढा एकच डॅम्पर नवाकोरा दिसला तर किंमत बोलण्याआधी खाली वाका.

फोर बाय फोरची चाचणी डांबरावर घेऊ नका. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. आम्ही ती नांगरलेल्या रानात घातली, लो, म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ देणारी फोर बाय फोरची रेंज टाकली, पहिल्या गिअरमध्ये चढावर दाब दिला आणि लगेच पाय काढला. झिजलेली केस याच क्षणी लिव्हर बाहेर फेकते. माझ्या गाडीचा लिव्हर जागचा हलला नाही, आणि व्यवहार तिथेच जवळजवळ पक्का झाला. इंजिन मी थंड असताना सुरू करायला सांगितलं होतं, बॉनेटला हात लावून खात्री करून. सुरू होताना निळसर धुराचा एक झुरका आला, मग साफ. या वयाला चालायचंच.

किंमत ३ लाख ४० हजार. आता कागद. गाडी २००४ ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण २०१९ मध्ये आणि पुढचं २०२४ मध्ये झालेलं. आरसी २०२९ पर्यंत चालू. हे आधी बघा, कारण एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. आरसी संपलेली गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी फिटनेससाठी तिच्यावर जे काम निघेल ते तुमच्याच बोडक्यावर येतं. चेसिस नंबर चासीवर स्वतः वाचा, गंजावर रंग फासला असेल तर पेन्सिलीनं कागदावर उतरवून घ्या. एनओसी, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, जुने चलान, हे सगळं पैसे देण्याआधी. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीही विकायला असतात. गाड्या खालून बऱ्या असतात, पण लिलावाचे मूळ कागद हातात नसतील तर त्या शेतातच फिरवाव्या लागतील. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचं म्हणाल तर इथे आणून कर भरल्यावर स्वस्ताई कुठच्या कुठे जाते.

विम्यात फक्त थर्ड पार्टी घेतला. या सीसीला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी. फुल विमा द्यायला या वयाच्या गाडीला कोणी फारसं उत्सुक नसतं.

सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असा प्रवास करून गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली आणि थेट गॅरेजला गेली. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पाण्याचे सगळे होज, क्लच प्लेट, दोन्ही बाजूंचे किंग पिन बेअरिंग आणि सील, शाफ्टचे क्रॉस, पाट्यांचे बुश, रेडिएटर, पाच टायर, बॅटरी, नवा हूड. एकूण १ लाख १८ हजारांच्या आसपास. मी गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे आधीच बाजूला काढले होते आणि हिशोब जवळपास तिथेच आला. ज्यांच्याकडे ३ लाख ४० हजार आहेत त्यांनी सव्वादोन-अडीच लाखांची गाडी बघावी, एवढा हा सरळ मामला आहे.

घाटावरच्या गाडीला गंज फारसा नसतो, पण तिची दुखणी वेगळी. सगळं रबर वाळून कडक झालेलं. पुढच्या नकलमधलं (चाक वळतं त्या सांध्यातलं) ग्रीस आणि धूळ मिळून वंगण कसलं, पॉलिश पेपरच झाला होता. पेट्रोलचे पाइप बदलले ते वेगळ्या कारणानं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००४ मधलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते तळाशी बसतं. पाइप, फिल्टर, टाकीची सफाई हे सगळं एकदमच उरकलं.

आता पावसाळा. यासाठीच तर घेतली.

आमची काजूची बाग घरापासून लांब, चढावर आहे. वाट जांभ्याची, जुलैत तिच्यावर शेवाळ येतं आणि कडेचा तांबडा चिखल घोट्यापर्यंत. आधी पिकअप बांधाखाली उभी करून खताच्या गोणी डोक्यावरून न्याव्या लागत. जिप्सी वर जाते. कसली शर्यत नाही, गर्जना नाही. लो, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला, आणि गाडी चढत राहते. खरी गंमत वजनात आहे. टनाच्या आसपासची गाडी मऊ जमिनीत रुतत नाही, आणि रुतली तर चार माणसं ढकलून बाहेर काढतात. शेजाऱ्यांची नवी, दुप्पट ताकदीची एसयूव्ही त्याच वाटेवर दोनदा ट्रॅक्टरनं ओढून काढली. उतरताना लो पहिला टाकून ब्रेकला पायच लावायचा नाही. शेवाळावर ब्रेक दाबलात की चाकं बंद आणि गाडी तिच्या मर्जीनं खाली.

पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, जाताना मात्र सांभाळा. घाट चढून आल्यावर अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट, बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आम्ही दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर साफ करून त्यांना पाइप लावले, पाइपांची टोकं वर बॉडीत बांधली. तरी ऑगस्टमध्ये मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढून बघितलं तेव्हा ते दुधाळ निघालं, कारण पिनियनचा सील जुनाच होता. नवं ऑइल आणि एक सील, एवढ्यात निभावलं. मागच्या ड्रममध्ये चिखल जाऊन बसतो, लायनर झपाट्यानं झिजतात. ड्रम उघडून धुणं हे पावसाळ्यात नेमानं करायचं काम आहे.

रस्त्यावर ही गाडी काय देते? फारसं काही नाही. पाटे कडक, मागच्या बाका समोरासमोर, एसी नाही, माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंगही नाही. एअरबॅग आणि एबीएसचा तर प्रश्नच नाही, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आई एकदा मागे बसून मार्लेश्वरला आली. येताना म्हणाली, "मी एसटीनं येते, तू हो पुढे." हायवेला सत्तर-पंच्याहत्तरला गाडी सुखात असते, त्यापुढे हूडचा फडफडाट आणि इंजिनचा आवाज यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नवा हूडही जोराच्या सरीत काचेच्या कोपऱ्यातून गळतोच. पायापाशी एक फडकं कायम ठेवा.

अ‍ॅव्हरेज घाटात आणि बागेत ९ च्या आसपास, सपाटीला ११-१२. मूळ २०५/७० च्या जागी २१५/७५ चे टायर घातल्यानं मीटर साधारण ५ टक्के कमी दाखवतं, हे धरून सांगतोय. मोठ्या टायरनं उंची वाढते हे खरं, पण पाचव्या गिअरमध्ये ओढ मेली. आंबा घाट आता तिसऱ्यातच चढावा लागतो.

घरातली एकुलती एक गाडी म्हणून ही घेऊ नका. रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी, लहान मुलं घेऊन लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी जिमनी किंवा थार बघावी. जिमनी २०२३ मध्ये पावणेतेरा लाखांपासून सुरू झाली, ते पैसे सुखसोयी आणि सुरक्षिततेचे आहेत, आणि रास्त आहेत. ज्यांच्या दारात दुसरी गाडी आहे, गावात हात चालणारा फिटर आहे आणि ज्यांची वाट खरोखर खराब आहे, त्यांना ही परवडेल.

आता या उन्हाळ्यात उरलेली कामं: डाव्या कमानीतला सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, ट्रान्सफर केसचे माउंट बदलायचे, आणि मे संपायच्या आत खालून धुऊन, पूर्ण वाळवून सगळ्या पोकळ भागांत मेणाचं कोटिंग मारायचं. आमच्याकडे बरेच जण जळकं ऑइल मारतात. स्वस्त पडतं, पण ते पाट्यांच्या बुशवर आणि ब्रेकच्या होजवर उडून रबर खातं, शिवाय पहिल्या पावसात अंगणभर तवंग येतो तो वेगळाच. फिटरनं कोटिंगसह सगळ्याचे बावीस हजार सांगितलेत. अठरावर येईल असं वाटतं.