अमेरिकन फुटबॉलचा किकिंग स्टँड: निवड चाचणीच्या तयारीला कितपत उपयोगी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोल (चेंडू पायाने उडवून गोलखांबांमधून पाठवणे) मारताना लांबट चेंडू जमिनीवर टोकावर उभा धरून ठेवायला संघातला एक खेळाडू गुडघा टेकून बसतो. त्याला होल्डर म्हणतात. असा माणूस हाताशी नसताना सराव करता यावा म्हणून घडीचा, तीन पायांचा धातूचा स्टँड मिळतो. हे परीक्षण त्याचेच आहे. माझी भाची पेनसिल्व्हेनियातील एका लहान महाविद्यालयात शिकते आणि तेथील मुलींच्या सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाच्या, संघात खेळते. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर (अशा किक मारणारा खेळाडू) म्हणून निवड चाचणी द्यायचे तिने ठरवले, तेव्हा चेंडू सोडला तर नव्याने विकत घ्यावी लागलेली वस्तू ही एकच. हेल्मेट आणि खांद्यांचे पॅड निवड झाल्यावर संघाकडूनच मिळतात, आणि बहुतेक किकर सॉकरचेच बूट वापरतात, त्यामुळे तिचे जुने बूट चालले.

सॉकर खेळणाऱ्या मुलींना संघात शिरण्यासाठी हीच जागा का जवळची वाटते, याचे कारण किक मारण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी किकर समोरून सरळ धावत येऊन बुटाच्या पुढच्या टोकाने चेंडू उडवत असत. हंगेरीत जन्मलेल्या पीट गोगोलाकने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्नेल विद्यापीठाकडून खेळताना तिरकस धावून पायाच्या वरच्या भागाने, म्हणजे सॉकरच्या पद्धतीने, मारायला सुरुवात केली, आणि पुढे तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. चेंडूपासून मागे तीन पावले, बाजूला दोन पावले, मग तिरकी धाव, ही सवय सॉकर खेळणाऱ्या मुलीच्या पायात आधीच असते. नवा असतो तो चेंडू आणि त्याचे उभे राहणे, आणि हा स्टँड नेमके तेवढेच काम करतो.

त्याची रचना साधी आहे. तीन पायांवर एक आडवा दांडा असतो, त्याच्या टोकाशी रबरी टोपी असते, आणि ती चेंडूच्या वरच्या टोकावर टेकते. दांड्याची उंची आणि चेंडूचा कल एका पेचाने कमीजास्त करता येतो. पाय डावा असो वा उजवा, स्टँड दुसऱ्या बाजूला फिरवून ठेवला की झाले. चेंडू सुटल्यावर दांडा पायाच्या वाटेत येत नाही, ही या वस्तूची सर्वांत चांगली बाजू म्हणावी लागेल, कारण सुरुवातीला आपला पाय दांड्यावर आपटेल या धास्तीने भाची झोका अर्ध्यावरच आवरत होती. ती धास्ती लवकरच गेली.

स्टँडचा खरा फायदा शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्या किकरला अधिक आहे. अमेरिकेतील शालेय फुटबॉलमध्ये फील्ड गोलसाठी चेंडूखाली दोन इंचांपर्यंत उंचीचा ठोकळा ठेवता येतो, पण महाविद्यालयीन खेळात 1989 पासून तो बंद आहे आणि चेंडू थेट जमिनीवरूनच उडवावा लागतो. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण पायाचा कोन त्याने पार बदलतो. स्टँडवर चेंडू जमिनीला टेकूनच उभा राहतो, म्हणून पहिल्या दिवसापासून योग्य सवय लागते. मुद्दाम ठोकळा सोबत देणारे संच बाजारात आहेत. महाविद्यालयाची तयारी करणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता उणिवा. कृत्रिम गवतावर स्टँड ठीक बसतो, मात्र पावसानंतरच्या मऊ मातीत त्याचे पाय रुततात, दांडा खाली येतो आणि चेंडूचा कल दर किकला थोडाथोडा बदलत जातो. वाऱ्यात तो चेंडूसकट आडवा होतो. कल ठरवणारा पेच वापरून सैल झाला, आणि रबरी टोपी निघून गवतात हरवली. आम्ही तेथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला आणि तो मूळ टोपीपेक्षा बरा टिकला! विकणाऱ्याकडे सुटी टोपी मिळत नव्हती, ही गोष्ट मला वस्तूच्या किमतीपेक्षाही खटकली.

याहून मोठी मर्यादा वस्तूच्या दर्जाची नसून तिच्या स्वभावातलीच आहे. स्टँडवरचा चेंडू किकरची वाट पाहत उभा असतो. सामन्यात चेंडू सुमारे सात यार्ड मागे फेकला जातो, होल्डर तो झेलतो, टेकवतो, शिवण गोलकडे फिरवतो, आणि फेकीपासून किकपर्यंत साधारण 1.3 सेकंद मिळतात. चाचणीच्या दिवशी प्रशिक्षकांनी भाचीला स्टँड बाजूला ठेवायला सांगून संघाचे खेळाडू दिले, तेव्हा तिच्या पहिल्या किका घाईच्या झाल्या, कारण धाव कधी सुरू करायची हे ठरवणे तिच्या सरावात कधी आलेच नव्हते. पुढे लय सापडली आणि संघाबरोबर सराव करण्याची परवानगी मिळाली. संघात जागा मिळेलच असे आश्वासन मात्र नाही.

किक अडवायला समोरून हात उंचावून धावत येणारे खेळाडूही स्टँडपुढे नसतात. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या केटी निडाने 25 डिसेंबर 2002 रोजी लास वेगास बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात मारलेला एक्स्ट्रा पॉइंट (एका जादा गुणासाठीची किक) प्रतिस्पर्धी यूसीएलए विद्यापीठाच्या खेळाडूंनी अडवला होता. पुढच्या वर्षी 30 ऑगस्टला टेक्सास स्टेटविरुद्ध तिने दोन यशस्वी केले. व्हँडरबिल्टच्या सारा फुलरला तर 28 नोव्हेंबर 2020 रोजी मिसूरीविरुद्ध उतरण्याआधी जेमतेम काही दिवस मिळाले होते, आणि ती सॉकरची गोलरक्षक होती. त्या सामन्यात तिने मारलेली किक टीवर, म्हणजे चेंडू उभा ठेवायच्या ठोकळ्यावर, ठेवलेल्या चेंडूची नव्हती, होल्डरने धरलेल्या चेंडूची होती. म्हणून माझे मत असे की सरावाचा निम्मा वेळ तरी माणसाने धरलेल्या चेंडूवर द्यावा. आमच्याकडे हे काम मेहुण्यांनी केले आणि पहिल्या संध्याकाळी बोट वाचवण्यासाठी चेंडू वेळेआधीच सोडत राहिले, त्याची चेष्टा अजून चालू आहे.

आणखी एक सूचना स्टँडबरोबरच्या पत्रकात असायला हवी होती. सराव बहुधा गावातल्या शाळेच्या मैदानावर होतो, आणि शाळेच्या गोलखांबांमधले अंतर 23 फूट 4 इंच असते. महाविद्यालयात ते 18 फूट 6 इंच आहे. म्हणजे शाळेत खांबाच्या आतून दोन-सव्वादोन फुटांवरून गेलेला चेंडू महाविद्यालयात बाहेर गेलेला असतो. घरी येऊन सांगितलेल्या आकड्यांतून असे चेंडू वजा करावेत.

स्टँड मागवण्याआधी प्रशिक्षकांना विचारणे मात्र चुकवू नये. लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन कायद्याखालील नियमात, अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत मुलींना मुलांच्या संघाची चाचणी देऊ देण्याची सक्ती महाविद्यालयावर नाही. एकदा संधी दिली की पुढे केवळ मुलगी म्हणून डावलता येत नाही, हे ड्यूक विद्यापीठाविरुद्ध हेदर मर्सरने लढवलेल्या खटल्यात 1999 साली अपील न्यायालयाने स्पष्ट केले. तिने 1995 मध्ये संघांतर्गत सामन्यात 28 यार्डांवरून विजयी फील्ड गोल मारला होता, तरी तिला एकाही सामन्यात उतरवले गेले नाही. 2000 साली ज्यूरीने तिला वीस लाख डॉलरची दंडात्मक भरपाई दिली. ती रक्कम पुढे रद्द झाली.

किंमत बनावटीनुसार साधारण तीस ते पन्नास डॉलर पडते. किकर होऊ पाहणाऱ्या सॉकर खेळाडूला ती वसूल होते. संघातल्या इतर कोणत्याही जागेसाठी या वस्तूचा काही उपयोग नाही. शेनंडोआ विद्यापीठाच्या हेली व्हॅन व्हूरहिसने 2023 साली बचावफळीत खेळून दाखवले आहे, पण त्या तयारीची दुकानातली यादी वेगळी. घ्यायचाच असेल तर पेच धातूचा आणि रबरी टोपी सुटी मिळणारा स्टँड बघावा, पाय रुतू नयेत म्हणून त्यांना खाली रुंद चकत्या आहेत ना ते तपासावे, आणि पिशवी सोबत येत नसेल तर तिचे वेगळे पैसे मोजू नयेत, जुनी योगासनाच्या चटईची पिशवी त्याला पुरते.