जुनं एनव्हिडिया कार्ड आणि लिनक्स: ड्रायव्हर नूव्हो ठेवायचा, डिस्ट्रोचा घ्यायचा की रन फाइल टाकायची?

भाच्याने सीताबर्डीतून सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय आणलं, मानेवाड्याच्या घरी पीसीत लावलं, लिनक्स मिंट टाकलं, दोन दिवस गेम पण खेळला. तिसऱ्या दिवशी फोन, "मामा, स्क्रीन काळी झाली, काहीच येऊन नाही राहिलं." काय केलं बे तू? "काहीच नाही केलं ना, फक्त अपडेट मारलं." आता गंमत म्हणजे पोट्टा खरं बोलून राहिला होता, खरंच त्याने फक्त अपडेटच मारलं होतं. लोचा त्याच्या आधी झालेला, ड्रायव्हर टाकताना.

तर ज्यांना असं जुनं कार्ड लिनक्सवर चालवायचंय आणि ड्रायव्हर कुठून घ्यायचा ते ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. रस्ते तीन आहेत, आणि माझ्या मते निवडताना सगळ्यात नवा नंबर कोणता हे पाहूच नका, पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटनंतर स्क्रीन येईल का एवढंच पाहा.

आधी आत्ता काय चालू आहे ते बघा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, स्पेस, मायनस के मारा, व्हीजीएच्या ओळीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" असं येतं, तिथे नूव्हो असेल किंवा एनव्हिडिया असेल, आणि ती ओळच नसेल तर दोघंही लोड झालेले नाहीत. असं असलं की सगळं चित्र सीपीयू काढून राहिला असतो, सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाइप दिसतं, यूट्यूब लावलं की पंखा बोंबलतो. लोक इथे कार्ड खराब म्हणून परत द्यायला निघतात.

नूव्हो म्हणजे कर्नलमध्येच येणारा मोकळा (ओपन सोर्स) ड्रायव्हर, २०१० पासून कर्नलमध्ये आहे. टाकायचं काही नाही, अपडेटने मोडत नाही, सिक्युअर बूटचं (सही नसलेला ड्रायव्हर अडवणारी बायोसची सोय) झंझट नाही, त्यामुळे काकांचा पीसी असेल, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच काम असेल तर खुशाल तोच ठेवा. पण १०५० टीआयवर गेम खेळायचा असेल तर विसरा. ९०० आणि १००० सिरीजच्या कार्डांना कंपनीने सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते नूव्होला पूर्ण मिळालं नाही, म्हणून कार्ड चालू होताना ज्या कमी स्पीडवर असतं तिथेच अडकून राहतं. गाडी चालते पण पहिल्या गिअरमध्येच. १६०० आणि २००० सिरीजपासून पुढे गोष्ट वेगळी आहे, तिथे कार्डातच जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर असतो आणि कर्नल ६.७ पासून नूव्हो त्याचा उपयोग करायला लागला, तिथे नूव्होला स्पीड वाढवता येतो. जुन्या कार्डात तो प्रोसेसरच नाही, त्यामुळे आशेवर बसू नका.

दुसरा रस्ता, डिस्ट्रोच्या (म्हणजे मिंट, उबंटू, फेडोरा जे असेल त्याच्या) रेपॉझिटरीतला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भांडारातला, कंपनीचा बंद (सोर्स कोड न दिलेला) ड्रायव्हर. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, उबंटूत अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स, फेडोरात आरपीएम फ्यूजन (वेगळी रेपॉझिटरी) चालू करून तिथलं एनव्हिडियाचं पॅकेज. मी दहापैकी नऊ लोकांना हेच सांगतो, कारण कर्नल बदललं की ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) त्या कर्नलसाठी तयार मिळतं किंवा डीकेएमएस नावाचं टूल ते तुमच्या मशीनवर परत बनवतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. पण इथेही पाय घसरायच्या जागा आहेत.

एक म्हणजे नाव. यादीत ५८० (हा ड्रायव्हरच्या ब्रँचचा, म्हणजे व्हर्जनचा नंबर) दिसतं आणि त्याच्या बाजूला ५८० ओपन पण दिसतं. ओपन म्हटलं की लिनक्सवाल्याचा हात आपोआप तिकडेच जातो, माझापण गेला होता. हे ओपन मॉड्यूल कंपनीने २०२२ मध्ये काढले, पण ते १६०० आणि २००० सिरीजपासून पुढच्याच कार्डांना चालतात, त्यांना तोच जीएसपी लागतो. १०५० टीआयवर टाकलं तर इन्स्टॉल एकदम व्यवस्थित होतं, एक एरर नाही, आणि रीबूटनंतर एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) मारलं की कार्डच सापडत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजमध्ये) पाहिलं तर सरळ लिहिलेलं असतं की या कार्डात जीएसपी नाही, पण डीमेसेज पाहतो कोण. आणि ५००० सिरीजचं एकदम उलटं, तिथे फक्त ओपनच चालतं. म्हणजे मित्राचं नवं कार्ड पाहून त्याच्यासारखं करायला गेलात की फसलात.

आणि ५८० हीच १०००, ९०० सिरीजवाल्यांसाठी शेवटची ब्रँच आहे, पुढच्या ब्रँचमध्ये ही कार्डं नाहीत. अजून जुनं, म्हणजे केप्लर पिढीचं जीटी ७१० असेल तर ४७० वर थांबायचं. दुकानात जीटी ७१० स्वस्तात मिळून राहिलं म्हणून लिनक्ससाठी घेऊ नका राव, ४७० ला आता कंपनीचे अपडेट नाहीत आणि नवीन कर्नलवर ते चालवणं म्हणजे रोजची कटकट.

दुसरी जागा सिक्युअर बूट. डीकेएमएसने तुमच्या मशीनवर बनवलेल्या मॉड्यूलवर तुमची सही लागते, म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड विचारतात आणि रीबूट झाल्यावर निळी स्क्रीन येते, त्यात एनरोल एमओके (आपल्या सहीची किल्ली मशीनमध्ये नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही स्क्रीन थोडा वेळच थांबते. लोक रीबूट मारून चहा आणायला जातात, परत येईस्तोवर ती निघून गेलेली असते, मग ड्रायव्हर आहे पण लोड होत नाही. नुसता घरचा गेमिंग पीसी असेल तर मी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करतो, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर एमओके नीट करा.

तिसरी जागा आपल्या नागपूरची खास. मे महिना, ४५ डिग्री, घरात कूलर फुल, आणि नेमकं मॉड्यूल बनत असताना लाइट गेली. इनव्हर्टरवर पीसी नसेल तर पॅकेज अर्धवट राहतं. घाबरू नका, लाइट आली की सुडो डीपीकेजी, स्पेस, दोन मायनस लावून कॉन्फिगर, स्पेस, मायनस ए, एवढं मारा, राहिलेलं काम ते पूर्ण करतं. फेडोरावाल्यांना लाइट न जाताही थोडा धीर धरावा लागतो, पॅकेज टाकल्यावर मॉड्यूल मागे बनत असतं, पाच मिनिटं थांबून मगच रीबूट.

आता तिसरा रस्ता, कंपनीच्या साइटवरची रन फाइल. विंडोजवरून आलेले सगळे आधी इथेच जातात कारण तिकडे असंच करायची सवय. यासाठी डेस्कटॉप बंद करावा लागतो, नूव्हो ब्लॅकलिस्ट करावा लागतो (म्हणजे तो लोडच होत नाही), मॉड्यूल बनवायला जीसीसी आणि कर्नल हेडर्स लागतात, एवढं करून झालं की चालतो, चांगला चालतो. मी पण कधीकाळी वर्षभर असंच करायचो आणि स्वतःला लई हुशार समजायचो. पण मॉड्यूल बनतं ते फक्त त्या वेळच्या कर्नलसाठी. इन्स्टॉलर मधात विचारतो की डीकेएमएसमध्ये नोंदवू का, तिथे भाच्याने नो दाबलं होतं, कारण व्हिडिओतल्याने नो दाबलं होतं. मग अपडेटने नवीन कर्नल आलं, त्यात एनव्हिडियाचं मॉड्यूल नाही, नूव्हो ब्लॅकलिस्टमध्ये, स्क्रीन काळी. डीकेएमएस असतं तरी अ‍ॅप्टला (पॅकेज टाकणाऱ्या टूलला) या फाइलींबद्दल काही माहीत नसतं, आणि त्याच्यावरून रेपॉझिटरीतला ड्रायव्हर टाकला की दोघांच्या फाइली एकमेकांवर चढतात. डिस्ट्रोत अजून न आलेलं व्हर्जनच पाहिजे असं ठोस कारण असेल तरच इकडे या, उबंटू-मिंटवाल्यांना तर त्यासाठीही ग्राफिक्स ड्रायव्हर्सचा पीपीए (जास्तीची रेपॉझिटरी) आहे.

भाच्याचं मी फोनवरच सुरू केलं. बूट होताना एस्केप दाबायला लावलं (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवायचं), ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात आधीचं कर्नल निवडलं, आणि स्क्रीन आली, कारण त्या कर्नलसाठीचं मॉड्यूल होतंच. "मामा, आली!" मग सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल, रीबूट, ड्रायव्हर मॅनेजरमधून ५८०, ओपन नसलेलं. जुनं कर्नल पण नसेल तर ग्रबमध्येच ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा आणि एफ१० मारा, चित्र जाडंभरडं येतं पण हात चालवता येतात.

सगळं झाल्यावर पठ्ठ्या विचारतो, "मग एएमडीचं घेतलं असतं तर?" तर हे काहीच करावं लागलं नसतं, त्यांचा ड्रायव्हर एएमडीजीपीयू २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, कार्ड लावा आणि चालू करा. बाजारात सेकंडहँड आरएक्स ५८० दिसतं (हे एएमडीच्या कार्डाचं नाव, वरचा ड्रायव्हरचा नंबर नाही), ताकदीला १०५० टीआयच्या वर आहे. फक्त ते १८५ वॉटच्या आसपास खातं आणि त्याला ८ पिनचा पॉवर कनेक्टर लागतो, १०५० टीआय ७५ वॉटमध्ये, बहुतेक मॉडेल वेगळी वायर न लावता स्लॉटवरच चालतात. नवीनच घ्यायचं तर आरएक्स ६४०० पण वायरशिवाय चालतं, पण त्यात व्हिडिओ एनकोडर नाही, गेम रेकॉर्ड करायचा असेल तर भार सीपीयूवर, आणि जुन्या बोर्डवर स्पीड थोडा मार खातो कारण बोर्डशी बोलायला त्याला फक्त चारच पीसीआय लेन आहेत. ब्लेंडर किंवा एआयचं काम करायचं असेल तर मात्र कूडासाठी (कार्डावर असं काम चालवायची एनव्हिडियाची सिस्टिम) एनव्हिडियाच घ्या, एएमडीचं तसंच असलेलं आरओसीएम सगळ्या कार्डांवर सरळ चालत नाही.

भाच्याच्या कॅबिनेटचं साइड पॅनल उघडून एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पाहिला. लोकल, ८ पिनची वायरच नाही. म्हटलं राहू दे, आहे तेच चालव.