आठ दिवसांत उजळलेला चेहरा

माझ्या गालांवर मुरुमांचे जुने काळे डाग होते, आणि तशाच डागांसाठी एका मैत्रिणीला त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड गटातले, त्वचेवर लावायचे औषध लिहून दिले होते. एवढ्याशा माहितीवर मी ठाण्यातील नेहमीच्या पार्लरमध्ये चौकशी केली. "ताई, डॉक्टरकडे कशाला पैसे घालवता, तेच रेटिनॉइड माझ्याकडे आहे," असे म्हणत तिथल्या बाईंनी पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीतले क्रीम मला ८५० रुपयांना दिले. डबीवर पार्लरची चिठ्ठी तेवढी होती. घटक, बॅच क्रमांक, मुदत यांपैकी काहीही नव्हते, आणि बिल मागण्याचे मला सुचलेही नाही.

आठव्या दिवशी चेहरा उजळला. भाचीच्या लग्नात ज्याने त्याने कारण विचारले आणि मी, आता सांगताना लाज वाटते, पार्लरचा पत्ता वाटत फिरले. वास्तविक संशय तेव्हाच यायला हवा होता. ट्रेटिनॉइनने सुरुवातीचे काही आठवडे बहुधा त्वचा कोरडी पडते, लाल होते, तिची सालपटे निघतात, आणि नीट फरक दिसायला साधारण १२ आठवडे लागतात. म्हणूनच ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच लावायला सांगतात. माझ्या चेहऱ्याची एकदाही आग झाली नव्हती.

चार महिन्यांनी डबी संपली आणि दुसरी आणायला आठवडा उशीर झाला. पोळ्या करताना तव्याची धग लागली की गाल भाजल्यासारखे होऊ लागले, पुळ्या उठल्या, हनुवटीच्या कडेला बारीक लव दिसू लागली. नवी डबी लावताच आग थांबली, त्यामुळे औषध चांगलेच आहे, असा माझा उलटाच समज झाला.

अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी फरक किती दिवसांत पडला एवढेच विचारले आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवले. "ट्रेटिनॉइन इतकी घाई करत नाही. यात स्टिरॉइड असणार. ते आग आणि लाली दाबून ठेवते, लावणे थांबवले की ती उसळते."

परत पार्लरमध्ये गेले, तर आरशाखालच्या खणात पिळून चपट्या झालेल्या ट्यूब पडल्या होत्या. त्यांवर हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के असे छापलेले होते, शेजारी लाल पट्टी आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय न विकण्याची सूचना होती. म्हणजे बाई अगदीच खोटे बोलल्या नव्हत्या. रेटिनॉइड त्यात होते, जोडीला रंग उजळवणारे हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइडही होते. मात्र हे मिश्रण वांगासाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजके आठवडेच वापरायचे असते. जाब विचारल्यावर "तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे" हे उत्तर मिळाले, वर अर्ध्या किमतीत फेशियलही देऊ केले.

क्रीम बंद केल्यावर चेहरा आधी आणखी बिघडला आणि सावरायला आठ महिने गेले. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे, पण बिल नसल्यामुळे सोबत डबीचा फोटोच जोडावा लागला. माझ्या सांगण्यावरून भाचीनेही तिथून दोन डब्या नेल्या होत्या. गरोदरपणात ट्रेटिनॉइन लावू नये, हे मला डॉक्टरांकडून कळले होते. त्यामुळे तिला दिवस गेल्याची बातमी आली, तेव्हा अभिनंदनाआधी मी तिला ती डबी घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितले.