मिठाच्या पाण्यालाही ‘नत्र भरपूर’ म्हणणारं मशीन

वरुड तालुक्यातल्या संत्रावाल्याने पाण्याच्या बाबतीत फसावं, याच्याएवढी लाजेची गोष्ट नाही. बोअर हजार फुटांच्या घरात गेलेत, तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी अति उपसलेला, पोट्ट्यांनाही ड्रिपर कसा साफ करायचा ते कळतं. तरी मी फसलो. लिहायची इच्छा नव्हती, पण तो माणूस आता मोर्शीकडे दिसला म्हणे, म्हणून लिहितो.

मागच्या दिवाळीनंतर तो आला. निळं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. आल्या आल्या पाणी मागितलं, “काका, बगीचा मस्त आहे” म्हणाला आणि खाली बसून झाडाखालची माती हातात घेतली. तिथेच मी अर्धा गार झालो, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक साहेब धुऱ्यावरूनच बोलतात.

बॅगेतून त्याने एक काटा काढला. पाच स्टीलच्या सळ्या, मागे वायर, वायरीला छोटा पडदा. झाडाच्या घेराखाली काटा खुपसला आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर आकडे आले. ओलावा, आणि झाडाची तीन मुख्य खतद्रव्यं: नत्र, स्फुरद, पालाश. सगळे कमी. मग जवळच्या पुडीतली पांढरी भुकटी मगभर पाण्यात ढवळून त्याच जागी ओतली आणि काटा परत खुपसला. आकडे टणाटण वर गेले. “बघा काका, लागू झालं.” शेजारचे दोघं-तिघं जमले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तो विकत होता ते मशीन असं. काटा कायमचा जमिनीत गाडायचा, तो ओलावा वाचणार, त्याला जोडलेला डबा ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणार-मिटणार, आणि खत किती द्यायचं ते मोबाईलवर येणार. माझं मन मात्र एका वाक्याने गेलं. म्हणाला, “आंबियाचा ताण तुम्ही अंदाजाने देता ना? हे मशीन ताण मोजून देतं.” आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून आम्ही झाडांचं पाणी काही दिवस तोडतो, तो ताण. संत्रावाल्याला याहून मोठं आमिष कोणतं? हलक्या जमिनीत महिनाभराच्या ताणात काम होतं, माझ्या काळ्या भारी जमिनीला दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर फांद्या वाळतात. दर डिसेंबरात पाणी तोडलं की माझी झोप उडते. ती झोपच तो विकायला आला होता.

किंमत 42,000. “80 टक्के अनुदान आहे काका, तुम्हाला पडणार 8,400.” इथे नीट लक्ष द्या. ठिबकवर लहान शेतकऱ्याला केंद्राचं 55 आणि राज्याचं पूरक 25 मिळून 80 टक्के अनुदान आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने तोच खरा आकडा आपल्या डब्याला चिकटवला. ठिबकच्या वेळी मी स्वतः महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला होता, पूर्वसंमती आल्यावर संच घेतला होता, शेतात येऊन मोका तपासणी झाली, मग पैसे खात्यात आले. यावेळी ‘आधी घ्या, अर्ज आम्ही भरतो’ हे ऐकूनही मला खटकलं नाही. 12,000 मोबाईलवरून, 30,000 रोख. वर त्या भुकटीच्या सहा बॅगा, 3,200 प्रमाणे 19,200. एकूण 61,200. हातात आला एक छापील कागद. तो बिल समजून मी कपाटात ठेवला. पुढे चश्मा लावून वाचला तेव्हा वर लिहिलेलं दिसलं: ‘अंदाजपत्रक’.

बॅगेवरही मोराचं चित्र आणि ‘100 टक्के विद्राव्य’ एवढंच. नत्र-स्फुरद-पालाश किती टक्के ते सांगणारा 19:19:19 किंवा 0:52:34 असा ग्रेड नाही, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, बॅच नाही. एरवी कृषी केंद्रातून बॅग उचलताना मी हे सगळं बघतो.

भुकटी व्हेंच्युरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, सोडली. मशीन रोज सांगत होतं, पालाश वाढला, नत्र वाढलं. झाडं वेगळंच सांगत होती. पानांची टोकं तपकिरी होऊन जळायला लागली. घरची म्हणाली, “अवो, झाडाकडे पाहाना जरा, त्या डब्यात काय पाहून राहिले?” मी म्हटलं, थंडीने झालं असेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बगीचा ताणावर टाकला. त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे मशीन ‘ताण’वर ठेवलं, स्टार्टरचं ऑटो चालू ठेवलं. साधारण अठरा दिवसांनी सकाळी गेलो तर लॅटरलखाली, म्हणजे ठिबकच्या नळ्यांखाली, चिखल. रात्री लाईन आली, मोटर लागली, व्हॉल्व्ह उघडला आणि पहाटेपर्यंत पाणी चालू. पडद्यावर लिहिलेलं, ओलावा शून्य. काटा होता तिथे वाकून पाहिलं तर काळी जमीन तडकून बोटभर भेग पडलेली आणि सळ्या त्या भेगेत हवेत लटकलेल्या. मशीनने हवेचा ओलावा मोजला आणि बगिच्याला पाणी पाजलं. काळ्या जमिनीला ताणात भेगा पडतात हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. मला नाही सुचलं.

पुढे दोन आठवड्यांत फुलांच्या जागी नवती, म्हणजे नवी पालवी, फुटली, हिरवीगार, पाहणाऱ्याला वाटावं काय बगीचा आहे! चार झाडांमागे एकाला फुलं. आदल्या वर्षी व्यापाऱ्याने पावणेतीनशे झाडांचा बगीचा उक्ता 3,10,000 ला घेतला होता. यंदा 90,000 च्या वर कुणी बोललं नाही.

पुतणी कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. संक्रांतीला आली तेव्हा तिने मशीनचे जुने आकडे वहीत उतरवले आणि म्हणाली, “मोठेबाबा, नत्र दुप्पट झालं की स्फुरद अन् पालाशही दुप्पटच कसा होते?” मग बादलीत हापशीचं पाणी घेतलं, काटा बुडवला, आकडे लिहिले. चुलीजवळून मूठभर मीठ आणलं, टाकलं, ढवळलं. पडद्यावर नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर. “मोठेबाबा, हे तं मिठालेच खत म्हणून राहिलं!” घरची हसली, मला मात्र घाम फुटला.

तिने समजावलं ते असं. काटा पाण्यात-मातीत फक्त वीज किती वाहते ते मोजतो. विरघळलेले क्षार जास्त तर वीज जास्त. त्या एका आकड्याला गुणून-भागून डबा नत्र, स्फुरद, पालाश अशी तीन नावं देतो. प्रयोगशाळेत तिन्हीच्या तपासण्या वेगळ्या असतात, पालाशाला फ्लेम फोटोमीटर नावाचं वेगळं यंत्र लागतं. म्हणजे त्याची भुकटी जितकी खारट, तितकं मशीन खूश. भुकटी मीठच होती असं मी म्हणत नाही, ती तपासून झालेली नाही. संत्र्याला खारटपणा सोसत नाही, एवढं मात्र माझ्या पानांनी दाखवलं. ओलावा मोजणारी सगळीच उपकरणं खोटी असतात असंही नाही. पण ती आपल्या जमिनीत बसवून, हाताने माती उकरून ताडून पाहावी लागतात.

पंचायत समितीत गेलो. कृषी अधिकारी भला माणूस, पण म्हणाला, नमुना सीलबंद बॅगेतून घ्यावा लागतो, आणि मी तर सहाही फोडून बसलो होतो. एक जरी बंद ठेवली असती तर खत नियंत्रण आदेशाखाली काही हालचाल झाली असती. मोबाईलवरून गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तोही दोन महिन्यांनी. ही तक्रार पहिल्या काही तासांत केली तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. तक्रार क्रमांक मिळालाय. कागदावरच्या पत्त्यावर नागपूरला जाऊन आलो, तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, तुम्ही चौथे.

पुन्हा सांगतो, निळं जाकीट, वय तिशीच्या आत, बोलणं गोड. आल्यावर आधी पाणी मागतो. द्या. पाजायला नाही म्हणू नका. फक्त दुसरा ग्लास भरून त्यात चमचाभर मीठ ढवळा, आणि म्हणा, बावा, तुझा काटा जरा यात बुडवून दाखव.