पायोनियर: दोन वर्षं डेटा वापरल्यावरचं माझं मत

दोन वर्षं झाली पायोनियरचा डेटा वापरतेय, लिहायचं राहूनच गेलं होतं. चिलीतल्या पारानालवर ईएसओच्या (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) चार दुर्बिणींचा इन्फ्रारेड प्रकाश एकत्र करणारं हे यंत्र, ग्रेनोबलच्या टीमने बनवलेलं, 2010 पासून चालू आहे. मी तिथे गेलेले नाही, माझा संबंध आर्काइव्हमधल्या फायलींशी, त्यामुळे मत त्यावरूनच.

आधी मुख्य गोष्ट, यंत्रातली प्रकाश जुळवणारी चिप. पूर्वी या कामाला टेबलभर आरसे आणि प्रकाश विभागणारे बीम स्प्लिटर लागायचे, एक जरा हलला की परत सगळं जुळवत बसा. इथे तेच काम सिलिकाच्या काचेत कोरलेल्या बारीक वाटा करतात, तळहातावर मावेल एवढ्या जागेत. प्रत्येक दुर्बिणीच्या प्रकाशाचे तीन वाटे, प्रत्येक वाटा बाकीच्या तिघांपैकी एकाला भेटतो, म्हणजे सहा जोड्या आणि दर जोडीचे चार आउटपुट, डिटेक्टरवर एकूण 24 ठिपके. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेनांचा सिग्नल आधी वाढवून मग जुळवता येतो, पण पायोनियरच्या 1.65 मायक्रॉन तरंगलांबीला तसं करायला गेलं तर तारा नॉइजमध्येच बुडतो, इथे प्रकाशालाच प्रकाशाशी भेटवावं लागतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की हवेने चुरगळलेली लहर सिंगल मोड (लहरीचा एकच आकार पुढे जाऊ देणाऱ्या) वाटेत शिरताना साफ होते, जे शिरत नाही ते फक्त उजेड कमी झालेला म्हणून दिसतं आणि ते मोजता येतं. कच्च्या फाइलमध्ये हा उजेड सारखा वरखाली होताना पहिल्यांदा बघितला तेव्हा डेटा वाया गेला असंच वाटलं होतं, पण त्याचा हिशोब वजा केल्यावर फ्रिंज, म्हणजे प्रकाश जुळल्यावर पडणारे उजेड-अंधाराचे पट्टे, इतक्या स्वच्छ निघाल्या की बघतच राहिले.

माझे तीन आठवडे मात्र एका कॅलिब्रेटरने, म्हणजे मोजमाप पडताळायला घेतलेल्या ताऱ्याने, खाल्ले. क्लोजर फेज (तीन दुर्बिणींच्या जोड्यांच्या फेजची बेरीज) एकट्या ताऱ्यासाठी शून्याजवळ यायला हवा तर येतच नव्हता, मी चिपला दोष देत बसले आणि शेवटी तो तारा जोडतारा निघाला. कॅलिब्रेटर दोन तरी घ्याच.

याच यंत्राने ग्रुस तारकासमूहातल्या पाय-वन ग्रुइसच्या पृष्ठभागावरचे उकळते पेशीसारखे ठिपके दाखवले, एकेक साधारण 12 कोटी किलोमीटरचा, सूर्यावर असला ठिपका 1500 किलोमीटरचा असतो! निव्वळ 1.8 मीटरच्या चार दुर्बिणींवर हे झालंय, एवढ्यासाठीच पैसा वसूल.

अर्धा स्टार कापतेय, कारण फायबरमध्ये शिरतानाच बराच प्रकाश गळतो आणि फिके तारे हातचे जातात. शिवाय अडीच मायक्रॉनच्या पुढे सिलिका स्वतःच प्रकाश खाते. तिथल्याच ग्रॅव्हिटी या यंत्रातली याच घराण्यातली चिप के बँडपर्यंत (साधारण 2.2 मायक्रॉन) जाते, त्यापुढे मॅटिस या तिथल्या आणखी एका यंत्राला परत आरसे आणि लेन्साच घ्याव्या लागल्या. ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्यांवर काम करणाऱ्यांना नेमकी तीच तरंगलांबी हवी असते, तिथे चालणाऱ्या काचेची चिप येईल त्या दिवशी मी पाच देईन.

साडेचार स्टार.