झाडीपट्टीतल्या नाटकाचा फ्लेक्स: टेको की खंड?

दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात वडसा, सिंदेवाहीकडे नाटकांचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. नाटकाचं नाव, मंडळ, कलाकार, गाव, तारीख, सगळं एकाच आडव्या पट्टीत कोंबायचं, म्हणजे जाड आणि अरुंद अक्षरच हवं. टेको आणि खंड हे दोन्ही फॉन्ट इंडियन टाइप फाउंड्रीचे. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, जाडीचे पाच प्रकारही दोघांत सारखेच.

टेको चौकोनी बांध्याचा. वळणं आवळलेली, त्यामुळे कमी जागेत जास्त अक्षरं बसतात. पण फॉन्ट साइजचा आकडा तोच ठेवला तर तो खंडपेक्षा लहान दिसतो, आकार वाढवून घ्यावा लागतो. त्याचा बोल्ड, म्हणजे सगळ्यात जाड प्रकार, मुळात एकदोन शब्दांसाठीच आहे. 'राष्ट्र'सारखं जोडाक्षर आलं की आतली पोकळी बुजते, आणि स्वस्त छपाईत तर पार काळा ठिपका. लांबलचक नावाला सेमीबोल्ड, म्हणजे एक पायरी कमी जाड प्रकार घ्या.

खंडच्या पोकळ्या मोकळ्या. मोटारसायकलवरून जाणाऱ्यालाही मात्रा, वेलांटी कळते. जागा थोडी जास्त खातो, खाऊ द्या. माझं मत खंडलाच. टेको फक्त दोन अक्षरी, दणकट नावाला शोभतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या फ्लेक्सवर 'पट' लिहायचं असेल तर त्याला तोड नाही.

तिकीटदर आणि पत्त्याच्या बारीक ओळीला मात्र दोन्ही नकोत, तिथे 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) हा फॉन्ट लावा. छपाईला देताना अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकृतीत रूपांतर करून द्या, नाहीतर दुकानाच्या संगणकात फॉन्टच बदलून जाईल.