क्यूआर कोडवर दुसऱ्याच कुणाचं नाव आलं होतं

६७,७०० रुपये, जिममधल्या एका ट्रेनरपायी गेलेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरातसुद्धा सगळ्यांना तो पूर्ण माहीत नाही आणि लपवण्याचाच आता जास्त त्रास होतोय. त्यातले १२,५०० जिमच्या वर्षाच्या मेंबरशिपचे. ते काउंटरवर भरले, पावती आहे. पर्सनल ट्रेनिंगचे ३२,४००, ट्रेनरने गळ्यात मारलेल्या प्रोटीन पावडरच्या दोन डब्यांचे ६,८०० रोख, डाएट चार्टचे २,५००. उरलेले १३,५०० एमआरआय आणि फिजिओथेरपीचे. ३६ सेशन ठरली होती. झाली नऊ.

मी अडाणी नाही. पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात १९ वर्षं काम करतेय. बिल जोडलेलं नसेल तर साहेबांचंसुद्धा व्हाउचर परत पाठवते. म्हणूनच पुढचं लिहिताना हात थांबतो.

जानेवारीत तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंची ताकद वाढवा. वय ४६, कंबर आधीपासून नाजूक, तेव्हा मनाने काही करण्यापेक्षा शिकलेला माणूस हाताशी असावा म्हणून पर्सनल ट्रेनर घ्यायचं ठरवलं. हौस नव्हती, फॅशन नव्हती. जिमच्या भिंतीवर तिथल्या ट्रेनरची तीन प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती, त्यातलं एक एका अमेरिकन संस्थेचं. अंगात जिमचाच टी-शर्ट, दाराबाहेरच्या बॅनरवर त्याचाच फोटो. यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

"मॅडम, ३६ सेशनचे ४५,००० होतात, पण आज भरलेत तर ३२,४००." मी मोबाइल काढला, त्याने त्याच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे धरला. स्कॅन केल्यावर जिमचं नाव आलं नाही, एका बाईचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा, "हे कोणाचं खातं?" तो म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडमचं. बिल नसलं की जीएसटी वाचतो, म्हणून तर तुम्हाला सूट."

मी काय करते हे वर लिहिलंय. या वाक्याचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. मोबाइल खिशात घालून खाली उतरायचं होतं. मी पिन टाकला. मागे दोन बायका थांबल्या होत्या, १२,६०० वाचतायत असं डोक्यात होतं, आणि एवढ्या मोठ्या जिममधला माणूस पळून कुठे जाणार, असं वाटलं. रात्री झोप लागत नाही तेव्हा स्क्रीनवरचं ते नाव डोळ्यांसमोर येतं.

पहिल्या दिवशी त्याने माझा फोटो काढला, वजन केलं, कंबर मोजली. शुगर आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, काही ऑपरेशन झालंय का, यातलं एकही त्याने विचारलं नाही. कंबरेचं मीच सांगितलं, तर म्हणाला, "ते सगळं निघून जाईल." ज्याला काम येतं तो पहिल्या व्यायामाआधी तब्येतीची प्रश्नावली भरून घेतो आणि गरज वाटली तर डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. तुमच्या ट्रेनरने विचारलं नसेल तर उद्या पैसे मागा आणि निघा.

नवव्या सेशनला, तिसऱ्याच आठवड्यात, त्याने माझ्याकडून ४० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन वाकून उचलणं, करवून घेतली. २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा. तो मोबाइलवर बोलत होता. चौथ्या वेळी उचलताना कमरेतून डाव्या पायापर्यंत अशी कळ गेली की मी बार टाकून खाली बसले. "मसल पेन आहे, दोन दिवसांत जाईल," म्हणाला. एमआरआयमध्ये एल४-एल५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क (गादी) बाहेर आलेली दिसली. एमआरआयचे ७,५००, फिजिओथेरपीचे १२ वेळचे ५०० प्रमाणे ६,०००.

मी अंथरुणावर असताना त्याने जिम सोडली. फोन बंद. उरलेल्या २७ सेशनचे २४,३०० मागायला गेले, तर मालक म्हणाले, "ताई, तो फ्रीलान्स होता. आमच्या खात्यात एक रुपया आलेला नाही." बॅनर तेव्हाही दाराबाहेर होता. मी त्याचा फोटो काढून घेतला. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांचा मात्र सुदैवाने पहिल्याच दिवशी काढलेला होता.

आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी ट्रेनरची सक्तीची सरकारी नोंदणी नाही. दंड फुगलेला कोणीही उठून ट्रेनर होतो. त्यामुळे तपासायचं आपणच. एसीई, एनएएसएम अशा ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्थांच्या साइटवर नाव टाकून खातरजमा करता येते. फ्रेमकडे बघू नका, क्रमांक मागा, मुदत बघा, कारण ही प्रमाणपत्रं ठरावीक वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागतात. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचं) कार्डही मागा. मी हे सगळं कंबर गेल्यावर केलं. त्या अमेरिकन संस्थेला मेल केला, दोन दिवसांत उत्तर आलं: या क्रमांकाची नोंद नाही.

तो मेल छापून चौकीत गेले. पहिल्यांदा सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा साहेब भेटले. मी म्हटलं, खोटं प्रमाणपत्र दाखवून पैसे घेतले, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूक आहे. ते म्हणाले, "प्रमाणपत्र खोटं हे कोण ठरवणार?" मेल पुढे केला, तर म्हणाले, "मेल काय, कोणीही पाठवेल." मग बिल मागितलं. नाही म्हटल्यावर, "म्हणजे टॅक्स तुम्हालाही वाचवायचा होता ना?" शेजारचा हवालदार हसला. कमरेला पट्टा बांधून मी तिथे दीड तास लाकडी बाकावर बसले होते, अर्ज घेतल्याचा शिक्का मिळावा म्हणून, आणि तोही मिळाला नाही. बँकेत गेले तर, पिन तुम्ही स्वतः टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. त्या खातेदार बाई कोण हेही सांगत नाहीत. गोपनीयता. माझ्या पैशांनी भरलेल्या खात्याची गोपनीयता! महापालिकेच्या कार्यालयात तर जिम कोणत्या टेबलाकडे येते यावरच दोन माणसांचं एकमत होईना. जो तो पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो आणि पुढच्या खिडकीवर जेवणाची सुट्टी असते.

बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला कोणत्याही खिडकीवर सांगितलं गेलं नाही. मी स्वतः वाचून काढलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन लावा. तक्रारीत मी जिमलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलंय, बॅनरचा आणि टी-शर्टचा फोटो जोडून.

आणि ३६ सेशनचे पैसे एकदम देऊ नका, महिन्याचे द्या. प्रोटीन पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी क्रमांक आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचा पत्ता बघा. माझ्या दोन्ही डब्यांवर यातलं काहीच नव्हतं.

गेल्या आठवड्यात भाचीने एक स्क्रीनशॉट पाठवला. तो ट्रेनर आता दुसऱ्या जिममध्ये आहे. पोस्टमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, खाली "३ महिन्यांत १४ किलो कमी". नंतरच्या फोटोतली मुलगी कोण ते माहीत नाही. आधीच्या फोटोत चेहरा कापलाय, पण तो हिरवा कुर्ता माझा आहे, आणि डाव्या हातातलं आईचं घड्याळही. स्क्रीनशॉट छापून तक्रारीला जोडलाय, जोडपत्र क्रमांक ११.